तिसऱ्या आठवड्याचा हात

श्रावण लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना या महिन्यात हिरवळ दिसते, सण दिसतात, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून फोटो काढावेसे वाटतात. मला विळे दिसतात. गवत मांडीला लागलेलं असतं, बैलांना हिरवा चारा हवा असतो, आणि माणसं दव असतानाच विळा घेऊन बसतात. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत गवत. गवत ओलं, मूठ ओली, आणि विळ्याला नुकतीच धार लावलेली. मग आठ-पंधरा दिवसांत आमच्या विभागाच्या बाकड्यावर डावे हात येऊन बसायला लागतात.

मी वर्ध्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हाताचे पेशंट बहुतेक माझ्याकडेच येतात. संक्रांतीला मांज्याने कापलेले, सोयाबीन निघालं की थ्रेशरमध्ये गेलेले, आणि श्रावणात हे विळ्याचे. यंदाही आलेत. परवा अल्लीपूरकडची एक बाई आली. करंगळी आणि शेजारचं बोट कापलेलं, ऑपरेशन होऊन तिसरा आठवडा चाललेला, टाके निघालेले, वरची कातडी छान गुलाबी. हाताच्या मागच्या बाजूने मी घातलेलं प्लास्टिकचं कवच. ती मोठ्या अजिजीने म्हणाली, "मॅडम, जखम तं भरली. महालक्ष्म्या येऊन राह्यल्या घरी, चार दिवस हे काढून ठेवू का?"

"काढा ना," मी म्हटलं. "काढा, आणि बोटंही काढून तिथंच ठेवा, नैवेद्यात."

बाई पांढरीफटक पडली. तिच्यासोबत आलेला नवरा भिंतीकडे पाहू लागला. मग मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले, तिचा हात मांडीवर घेतला आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, दोनदा. तिच्यावर मी कशाला चिडेन? तिची काय चूक? मी चिडले होते ते कारंजा घाडग्याजवळच्या एका घरावर, आणि ते घर माझं माहेर आहे.

गजू माझा धाकटा भाऊ. शेतीत त्याचं मन कधी लागलं नाही, पण मोटारीत फार लागायचं. विहिरीवरची मोटर जळाली की बाबा कपाळाला हात लावायचे आणि हा खुश व्हायचा. बारावीनंतर कारंज्याला हायवेवर एका मिस्त्रीकडे जळालेल्या मोटारी पुन्हा बांधायला शिकला. आमच्याकडे त्याला बाइंडिंग म्हणतात. मोटर खोलायची, जळकी तार उपटून काढायची, आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत त्या अरुंद खाचांमधून बसवायची. मी एकदा त्याच्या दुकानात बसून पाहिलं होतं. बाहेर ट्रक धडधडत जात होते, आत रोगणाचा वास भरलेला, आणि हा मान खाली घालून उजव्या हाताने तार सरकवत होता नि डाव्या हाताच्या बोटांनी ती पलीकडून ओढून ताणून धरत होता. तार ढिली राहिली तर मोटर पुन्हा जळते, आणि जास्त ओढली तर तारेवरचा लेप खरवडला जातो. किती ओढायचं ते फक्त बोटांना कळतं, असं तो म्हणायचा. मिस्त्री मला म्हणाला होता, "याच्या बांधलेल्या मोटारी वापस येत नाई मॅडम." तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला गजूचं स्वतःचं दुकान निघणार होतं. ढाब्याच्या शेजारची खोली ठरली होती, बोर्डाचा रंगसुद्धा ठरला होता.

त्या श्रावणात पावसाने उघडीप दिली तशी त्याने सुटी घेतली आणि बैलांचं गवत कापायला बसला. विळा डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर, मुळाशी फिरला. जखम एवढीशी. गावाजवळच्या दवाखान्यात दोन-तीन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. मायचा मला फोन आला तोही सहज, आभाळपाण्याच्या गोष्टी झाल्यावर. "गजूच्या हाताले थोडंसं लागलं वो. डावाच हाय, बरं झालं."

मी म्हटलं, त्याला व्हिडिओवर घे. गजू हसत समोर आला. मी म्हटलं मूठ वळ. अंगठा वळला, तर्जनी वळली, करंगळी वळली. मधली दोन तशीच उभी राहिली.

"दुखते म्हणून वळत नसन," तो म्हणाला.

"दुखलं तरी वळते रे राजा. आताच्या आता निघ."

गजूच्या दोन बोटांच्या कंडरा कापल्या गेल्या होत्या. कंडरा हा शब्द पुस्तकातला. आमच्या गावात आत जे काही दोरीसारखं असतं ते सगळं नस. माणसाला वाटतं बोट वाकवणारी ताकद बोटात आहे. बोटात काहीच नाही, हाड आणि कातडी. वाकवणारा स्नायू वर, कोपराखाली. तिथून पांढऱ्या चिवट दोऱ्या मनगटातून, तळव्यातून बोटांच्या टोकापर्यंत जातात, आणि बोटात शिरल्यावर त्या एका अरुंद बोगद्यातून सरकतात. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जाते तशा. नाडी मधेच तुटली की एक टोक नेफ्यात आत पळतं, आणि मग ते शोधायला पूर्ण नेफा चाचपावा लागतो. गजूची वरची टोकं तळव्यात पळाली होती. आमच्या दवाखान्यातल्या सर्जन मॅडमनी ती शोधली, बोगद्यातून परत ओढून आणली आणि केसाएवढ्या दोऱ्याने टोकाला टोक जोडलं. ऑपरेशनच्या वेळी मी बाहेर होते. ओळखीचा चेहरा टेबलावर असला की मला आत उभं राहवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

जोडणं हा सोपा भाग. त्यानंतरचं काम खरं अवघड, आणि ते माझ्याकडे असतं. शरीराला जखम दिसली की ते आंधळेपणाने सगळं सगळ्याला चिकटवत सुटतं. कंडरा कंडरेला चिकटायला हवी, आणि ती बोगद्याच्या भिंतीलाही जाऊन चिकटते. भिंतीला चिकटली की सरकत नाही, सरकली नाही की बोट वाकत नाही. म्हणून हात नुसता बांधून ठेवून चालत नाही. दुसऱ्या हाताने ती बोटं रोज हलक्या हाताने वाकवून द्यावी लागतात, दिवसातून पुष्कळदा, अगदी कंटाळा येईपर्यंत. आणि तरी त्या बोटांनी स्वतः जोर लावून काही धरायचं नाही, कपसुद्धा नाही. हलवायचं पण ओढायचं नाही. यातलं एकच कोणतं तरी माणसाला जमतं. एकतर तो भीतीने हात गोठवून बसतो, नाहीतर बरं वाटलं म्हणून बादली उचलतो.

आणि सगळ्यात फसवा असतो तो तिसरा आठवडा. आधी कंडरेची कापलेली टोकं मऊ पडतात, दोऱ्याची पकड सैल होते. नवा धागा शरीर विणत असतं, पण तो कच्चा असतो, वेडावाकडा, ओल्या कापसासारखा. त्याला पीळ बसायला पुढे कितीतरी आठवडे जातात. नेमकं त्याच दिवसांत वरची कातडी भरून येते, टाके निघतात, दुखणं जातं, हात गोरागोमटा दिसतो. आतून तो सगळ्यात कमजोर आणि वरून सगळ्यात चांगला. मी हे गजूला सांगितलं, मायला सांगितलं, बाबांना सांगितलं. फोनवर सांगितलं, समोर बसवून सांगितलं. राखी मी त्याला दवाखान्यातच बांधली त्या वर्षी. तो खिशात हात घालायला लागला तर मी म्हटलं, "ओवाळणी नको मले. हे कवच तेवढं काढू नको."

"नाई काढत ताई. तुई शप्पथ."

माझी शपथ. अजून जिवंत आहे मी, म्हणजे शपथांचं काही खरं नसतं.

श्रावण संपतो तो पोळ्याला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेशेकणी असते. लहानपणी मला हा दिवस सणापेक्षा जास्त आवडायचा. बाबा गरम पाणी करायचे, बैलांचे खांदे धुवायचे, मग हळद आणि लोणी दोन्ही हातांनी चोळत बसायचे. वर्षभर जू घासून घासून तिथली कातडी राठ झालेली. बाबांचा हात त्यावरून इतका हळू फिरायचा की आम्हा पोरांना बैलाचा हेवा वाटायचा. मग बैलांच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बैल कान हलवायचा आणि आम्ही म्हणायचो, हो म्हणाला.

गजूच्या हाताला लागायच्या दोन वर्षं आधी आमच्या राजा बैलाच्या खांद्याला मोठी जखम झाली होती. ऐन पेरणीत. शेजारचे दौलतकाका म्हणाले, भरली ना आता, जुंप. बाबांनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "वरून भरलं बापा, आतून कच्चं हाय. आता जू ठेवलं तं जलमभराचा जाईन." आणि त्यांनी राजाला जुंपलं नाही, दुसऱ्याचा बैल मागून आणला. म्हणजे माझ्या बापाला सगळं माहीत होतं. जे शिकायला मी साडेचार वर्षं घालवली, पुस्तकं पाठ केली, ते त्या माणसाला बैलाच्या खांद्यावर बोट ठेवून कळत होतं. बैलाच्या बाबतीत कळत होतं.

पोळ्याला मी घरी नव्हते, माझी ड्युटी होती. जे झालं ते मला मागाहून तुकड्या-तुकड्याने कळलं. बाबांचे गुडघे दुखत होते. जोडी घेऊन गावच्या तोरणाखाली रांगेत उभं राहायचं तर घरचा माणूस हवा. गडी धरू शकला असता, पण पोळ्याला गड्याच्या हातात जोडी म्हणजे घरात पोट्टा नाही की काय, असं लोक म्हणतील. गजूला नवा सदरा घातला, टोपी घातली. बैलांना झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांच्या माळा. तो असा कवच घातलेल्या हाताने, उजव्या हातात दोन्ही कासरे धरून निघाला. तेवढंच राहिलं असतं तरी कदाचित निभावलं असतं.

रांगेत दौलतकाका म्हणाले, "हातात हे पांढरं काय घालून आनलं बे? बैल बुजन ना!"

झालं. बैल बुजेल. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलाला कशाचाही त्रास होऊ द्यायचा नाही. त्याच्यावर हात उगारायचा नाही, त्याला शिवी द्यायची नाही, त्याच्यासमोर छत्री उघडायची नाही. त्या दिवशी तो देव. देवाला पांढरं प्लास्टिक चालत नाही. गजूने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "काढ, थोड्या वेळासाठीच तं हाय. जखम तं भरली ना." मायने कवच हातात घेतलं आणि पदराखाली धरून उभी राहिली. तिने ते फार जपून धरलं होतं म्हणे, मला सांगताना हे तिने मुद्दाम सांगितलं.

झडत्यांची गाणी झाली, लोक ओरडले, पोळा फोडायचं तोरण तुटलं, डफडं कडाडलं आणि कोणीतरी फटाक्यांची लड लावली. राजा उधळला. पांढऱ्या कवचाला भिऊन नाही, फटाक्यांना भिऊन. कासरा उजव्या हातातून सुटायला लागला तसा गजूने डावा हात घातला. कोण घालणार नाही? हात आपोआप जातो, तो काही तिसरा आठवडा मोजत बसत नाही. बोटांत टचकन् काहीतरी झालं, तो सांगतो. फार दुखलंसुद्धा नाही. बैल पुढच्या चौकात थांबला. लोकांनी गजूची पाठ थोपटली, पोट्ट्याने जोडी सोडली नाही म्हणून.

संध्याकाळी तो पुरणपोळी खायला बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मधली दोन बोटं पुन्हा उभीच्या उभी. मायला त्याने दाखवलं. मायने काय केलं? तिने कवच परत घालून पट्टे आवळले आणि म्हणाली, "ताईले सांगू नको आता, थे लय बोलन. जुळून येईन आपोआप."

त्यानंतर मी रोज फोन करत होते. "कसा हाय हात?" "बरा हाय." "हलवतं ना बोटं?" "हलवतो ना." व्हिडिओवर दाखव म्हटलं तर रेंज नाही, तपासायला ये म्हटलं तर कधी बस नाही, कधी पाऊस, कधी अंगात कणकण. मी वैतागले, पण दवाखान्यात तेव्हा माणसंच कमी होती, रजा मिळेना. मी माझी चूक पुष्कळ शोधली आहे. मला ती सापडत नाही, आणि म्हणूनच राग कुठे जात नाही. स्वतःची चूक सापडली असती तर निदान रडून मोकळी झाले असते.

तुटलेली कंडरा लगेच परत जोडता येते. काही दिवसांत आला असता तर मॅडमनी पुन्हा उघडून जोडली असती. तो नवरात्रात माझ्यासमोर आला, मीच घरी गेले तेव्हा. त्याने चहाचा कप डाव्या हाताने उचलला नि मधली दोन बोटं हवेत ताठ. मायने पदर तोंडाला लावला. मी कप त्याच्या हातातून काढून घेतला आणि मूठ वळ म्हटलं. बाकीची वळली, मधली दोन तशीच.

त्या दिवशी मी बापावर जे ओरडले ते गल्लीने ऐकलं.

"मी सांगतलं होतं ना बाबा? काऊन काढलं?"

"अवो, जखम भरलती. आमाले काय ठाव आतमंधलं?"

"राजाच्या खांद्याचं कसं ठाव होतं मंग?"

बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू तं सगळ्याच गोष्टी सांगतं. मीठ कमी खा, वाकून उचलू नका, उताणे झोपा. माणूस काय काय आयकन?" आणि थोड्या वेळाने, "बोट हाय, जीव तं नाई गेला."

गावात बाबा माझी ओळख मालिशवाली डॉक्टर अशी करून देतात. कौतुकाने करून देतात, म्हणून मी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी कळलं की त्यांच्या लेखी मी खरोखर तेवढीच आहे. हेच दवाखान्यात बसून दुसऱ्या कोणाच्या मुलीने सांगितलं असतं, तर त्यांनी हात जोडून ऐकलं असतं.

आणखी एक वाट होती, नाही असं नाही. तोपर्यंत बोगदा आतून मिटून गेला होता. तो पुन्हा तयार करायला आधी एक ऑपरेशन करून आत मऊ नळीसारखी कांडी ठेवतात, काही महिने थांबतात, मग दुसरं ऑपरेशन करून कांडीच्या जागी मनगटातली एक फालतू कंडरा काढून बसवतात. अंगठा आणि करंगळी एकमेकांना लावून मनगट वाकवलं की मधोमध जी दोरी उठते ती. काही लोकांना ती नसते आणि त्यांचं काही अडत नाही. गजूला होती, चांगली जाड. मी त्याच्या मनगटावर तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "पाय, हे हाय. देवानं शिल्लक देली हाय तुले."

"खात्रीनं वाकन का बोट?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "खात्रीनं नाई. पण थोडं तरी वाकन."

"मंग राहू दे ताई. मले आता त्या टेबलावर नाई जायचं. आन् घरच्याईले तुयावाला आरडाओरडा नाई आयकाचा."

मी पुष्कळ समजावलं. वर्षभर समजावलं. पुढे पुढे फोन वाजला की तो मायजवळ द्यायला लागला. ढाब्याच्या शेजारच्या त्या खोलीत आता मोबाईलचं दुकान आहे. गजू त्याच मिस्त्रीकडे आहे. मोटारी उचलून आणतो, खोलतो, जळकी तार उपटतो, मीटर लावून पाहतो. बांधायला दुसरा मुलगा ठेवलाय मिस्त्रीने. उपटायला जोर लागतो, त्याला बोटांची फार गरज नसते.

कधी कधी पेशंटचं बोट पहिल्यांदा आपणहून वाकतं तेव्हा बाकड्यावर केवढा आनंद होतो. नातेवाईक रडतात, मला पेढे आणून देतात. मी पेढा घेते, हसते, शाबास म्हणते. मनात मात्र दर वेळी येतं, हे माझ्या भावाचं बोट का नाही? परक्या माणसाच्या बऱ्या होणाऱ्या बोटाचा हेवा वाटावा, इतकी मी कडू झाले आहे. आणि हे काही मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक म्हणतात, जाऊ द्या ना मॅडम, दोन बोटांचं काय एवढं.

परवा ती अल्लीपूरची बाई गेली आणि दारात गजू उभा. मिस्त्रीच्या कामाने वर्ध्याला आला होता, मायने चवळीच्या शेंगा पाठवल्या होत्या. किती वेळ उभा होता कोण जाणे. माझं खोचक बोलणंही त्याने ऐकलं असावं आणि नंतर मी बाईला समजावलं तेही. तो बाकड्यावर येऊन बसला, ती बाई बसली होती त्याच जागेवर. डावा हात त्याने मांडीखाली घेतला. माझ्यासमोर तो असाच बसतो.

"रोज एवढं सांगतं का सगळ्याईले?"

"हो."

"आयकते का थे?"

"बहुतेक आयकते." मी शेंगांची पिशवी उघडून आत पाहत राहिले. "ही बाईबी आयकन. महालक्ष्म्या तिची जाऊ करन म्हणते. नवऱ्यानं इथंच फोन लावून सांगतलं घरी."

"वा."

भिंतीवर हाताच्या आतल्या दोऱ्यांचं चित्र आहे ते तो पाहत राहिला. जायला उठला, चप्पल घातली, आणि दारातून मागे न वळता म्हणाला, "मंग मी तुया कोनी नसतो तं बरं झालं असतं, ताई."